पाचचे विमान आणि निळा जलाशय

आज आपण वेळेचे एक गणित सोडवणार आहोत. पण नुसत्या बेरीज-वजाबाकीने ते सुटणार नाही. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र ह्या सगळ्यांची मदत घ्यावी लागेल. गणित असे आहे :

समजा, तुमचे मामा अमेरिकेत न्यू जर्सीला राहतात. मामा, मामी, नऊ वर्षांची नेहा आणि आजी असे चौघे सुट्टीत आइसलँड पाहायला गेले आहेत. आज त्यांचा शेवटचा दिवस. मुक्काम राजधानी रेक्याविक येथे आहे आणि घरी नेणारे विमान केफ्लाविक विमानतळावरून संध्याकाळी पाच वाजता सुटणार आहे. वाटेत स्वार्ट्सेंगी येथे गरम पाण्याचा एक प्रसिद्ध निळा जलाशय आहे. ‘ब्लू लगून’ ह्या नावाने तो जगभर ओळखला जातो. तेथे स्नान करून मग विमान गाठावे असा मामांचा बेत आहे. आजींना रक्तदाबाचा थोडा त्रास आहे. मामा तुम्हाला विचारतात, “बेत जमेल का? आणि किती वाजता निघावे?”

उत्तर देण्याआधी ते पाणी काय आहे, ते समजून घेऊ या.

पाणी तापते कोठे?

आपल्या कोकणातही गरम पाण्याचे झरे आहेत. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, उन्हेरे, वज्रेश्वरी, गणेशपुरी ही नावे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. उन्हवरे आणि उन्हेरे ह्या नावांतच ‘ऊन’ पाणी दडलेले आहे. आइसलँडमध्येही तोच प्रकार! रेक्याविक ह्या नावाचा अर्थ ‘धुराचा उपसागर’. तो धूर म्हणजे खरे तर गरम झऱ्यांची वाफ होती.

पण दोन्हीकडे पाणी तापण्याचे कारण मात्र वेगळे आहे. कोकणातील काळा पाषाण ज्या लाव्हापासून झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि केव्हाच थंड झाला. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोलवर मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. आपल्या झऱ्यांखाली जागृत ज्वालामुखी नाही.

आइसलँडमध्ये तो आहे. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. उत्तर अमेरिकेचा भूपट्ट आणि यूरेशियाचा भूपट्ट अटलांटिक महासागराच्या मध्यावर एकमेकांपासून दूर सरकत आहेत. त्यांचा वेग वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपली नखे वाढण्याइतका मंद आहे. दोघांमधील फट खालून येणारा तप्त शिलारस भरून काढतो. ही सीमा बहुतेक ठिकाणी समुद्राखाली आहे. आइसलँडमध्ये ती पाण्याबाहेर आलेली आहे. केफ्लाविक विमानतळ आणि निळा जलाशय हे दोन्ही ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहेत, त्यावरूनच ही सीमा जाते. म्हणून तेथे थोड्या खोलीवरच जमीन अत्यंत तापलेली असते.

वीज करून उरलेले पाणी

निळा जलाशय निसर्गाने आयता दिलेला नाही. तो एका वीजकेंद्राच्या सांडपाण्यातून तयार झाला आहे! ‘सांडपाणी’ म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. गोष्ट पुढे ऐका.

स्वार्ट्सेंगीचे केंद्र १९७६ साली उभे राहू लागले. तेथे जमिनीत खोल विंधणविहिरी खणल्या आहेत. तळाशी असलेल्या पाण्याचे तापमान सुमारे २४० अंश असते. त्यात दोन भाग समुद्राचे खारे पाणी आणि एक भाग गोडे पाणी असते.

पाणी तर १०० अंशाला उकळते. मग २४० अंशाचे पाणी द्रवरूप कसे राहते बरे? घरातील प्रेशर कुकर आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. कुकरमधील पाणी सुमारे १२० अंशापर्यंत जाते. २४० अंशाला पाणी द्रव ठेवायचे तर वातावरणाच्या सुमारे ३३ पट दाब हवा. जमिनीखाली खोलवर पाण्याच्या स्तंभाचा दाब ह्याहूनही अधिक असतो. विहिरीतून वर येताना दाब कमी होतो आणि पाण्याचा काही भाग झपाट्याने वाफ बनतो. ही वाफ टर्बाइनची चाके फिरवते आणि त्यांना जोडलेली जनित्रे वीज निर्माण करतात. स्वार्ट्सेंगीची वीजनिर्मितीची क्षमता अनेक वर्षे सुमारे ७५ मेगावॉट होती.

केंद्र दुसरेही काम करते. खाऱ्या पाण्यात क्षार आणि सिलिका इतके असतात की ते सरळ घरांच्या नळांत सोडले तर नळ आतून लिंपले जाऊन बंद होतील. म्हणून त्याची उष्णता गोड्या थंड पाण्याला दिली जाते आणि ते तापलेले गोडे पाणी आसपासच्या गावांत घरे ऊबदार ठेवण्यासाठी पाठवले जाते. आइसलँडमधील दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेवरच ऊबदार राहतात. ह्याची पद्धतशीर सुरुवात रेक्याविकमध्ये १९३० साली झाली. तीन किलोमीटर लांबीच्या नळातून गरम पाणी शहरात आणले गेले, आणि ते मिळालेल्या पहिल्या इमारतींत एक शाळा होती!

उष्णता काढून घेतल्यावर उरलेले खारे पाणी शेजारच्या लाव्हाच्या पठारावर सोडण्यात आले. हा लाव्हा सुमारे ८०० वर्षांपूर्वीचा, सच्छिद्र. पाणी मुरून जाईल अशी अपेक्षा होती. पण झाले उलटेच. गरम पाण्यात विरघळलेली सिलिका पाणी निवताच बाहेर पडू लागली. तिचा पांढरा, लोण्यासारखा मऊ गाळ झाला, त्याने लाव्हाची छिद्रे बुजवली आणि पाणी साठून तळे झाले. शेततळ्याचा तळ चिकणमातीने लिंपावा, तसेच हे.

१९८१ साली सोरायसिस ह्या त्वचारोगाच्या एका रुग्णाने ह्या पाण्यात स्नान केले आणि आपल्याला आराम वाटल्याचे सांगितले. १९८७ साली लोकांसाठी स्नानाची सोय झाली. आज त्या जलाशयात सुमारे ९० लाख लिटर पाणी असते आणि ते दर ४० तासांनी पूर्ण बदलते असे सांगतात. पाण्याचे तापमान ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवतात.

एक छोटे गणित करू या. ५ अंशाचे ९० लाख लिटर पाणी ३८ अंशाला आणायचे तर तापमान ३३ अंशांनी वाढवावे लागेल. ९० लाख × ३३ म्हणजे सुमारे ३० कोटी किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख युनिट वीज लागेल! महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाला ती सुमारे २९० वर्षे पुरेल. एवढी उष्णता तेथे वीज करून झाल्यावर उरलेली असते.

निळे की दुधाळ?

जलाशय दुरून आकाशी निळा दिसतो. पण त्यातले पाणी पेल्यात घेतले तर ते दुधट पांढरे दिसते. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. सूर्यप्रकाश त्यांच्यावर पडला की निळ्या रंगाच्या प्रकाशाचे विकिरण अधिक होते आणि तोच आपल्या डोळ्यांकडे परततो. उन्हाळ्यात शेवाळामुळे त्यात हिरवी झाकही येते.

ह्याच रसायनामुळे मामांच्या मंडळींना काही सूचना द्याव्या लागतील. सिलिकामुळे केस ताठ आणि राठ होतात. अपाय होत नाही, पण केस वर बांधून ठेवावेत आणि नंतर चांगले धुवावेत. म्हणजे बाहेर आल्यावर अधिक वेळ लागणार, हे गणितात धरा. भूगर्भातील पाण्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायूही येतो आणि तो चांदीला काळे करतो. तेव्हा मामींनी चांदीची जोडवी काढून ठेवलेली बरी. आजींचा चष्माही पाण्यात नेऊ नये. सिलिकाच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात.

आणखी एक रीत. आइसलँडमध्ये कोणत्याही तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून, पोहण्याचे कपडे न घालता, स्वच्छ अंघोळ करावीच लागते. निळ्या जलाशयात त्यासाठी आडोशाच्या खोल्याही आहेत. ह्यालाही वेळ लागतो.

किती वेळ डुंबावे?

“इतक्या लांब आलो, तर दोन-तीन तास बसून राहू!” असे नेहाला वाटेल. पण शरीर काय म्हणते?

आपले शरीर स्वस्थ बसलेले असतानाही तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. एरवी ती त्वचेतून हवेत निघून जाते. पण भोवतालचे पाणीच ३८ अंशांचे असेल, तर ३७ अंशांच्या शरीरातून उष्णता पाण्यात जाणार कशी? ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता मुळीच बाहेर पडली नाही, तर तासाभरात तापमान दीड अंशाहून अधिक वाढेल, म्हणजे ताप भरल्यासारखेच! प्रत्यक्षात डोके आणि खांदे थंड हवेत असतात आणि तेथून बरीच उष्णता जाते, म्हणून तितके वाढत नाही. तरीही पंधरा-वीस मिनिटे पाण्यात राहून थोडा वेळ बाहेर किंवा कमी गरम भागात बसावे, हे शहाणपणाचे.

शरीर उष्णता घालवण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो. पाण्यातून एकदम उठून उभे राहिले की मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते आणि भोवळ येते. म्हणून आजींनी आधी डॉक्टरांना विचारावे, पाण्यात एकट्या जाऊ नये, थोडाच वेळ बसावे आणि कठडा धरून सावकाश बाहेर यावे. नेहाचे शरीर लहान आहे. वजनाच्या मानाने तिच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे आहे. त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर तापते. तिलाही मधून मधून बाहेर काढावे लागेल.

गरम पाण्यात घाम येतो, पण तो पाण्यातच मिसळत असल्याने कळत नाही. पुढे विमानातील हवा तर अतिशय कोरडी! तेव्हा विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाने भरपूर पाणी प्यायला हवे.

उलटे वेळापत्रक

आता आपल्या गणिताकडे वळू. अशा गणितात सकाळपासून पुढे मोजत जाऊ नये. जी वेळ आपल्या हातात नाही, तिच्यापासून मागे मोजावे. येथे ती वेळ आहे विमान सुटण्याची.

५.०० — विमान सुटते.
२.०० — विमानतळावर हजर. सामान देणे, तपासणी वगैरेंसाठी ३ तास.
१.२० — जलाशयावरून प्रस्थान. अंतर सुमारे २० किलोमीटर, रस्ता २० मिनिटांचा. आपण दुप्पट धरला.
१२.३० — पाण्याबाहेर. अंग व केस धुणे, वाळवणे, कपडे, खाणेपिणे ह्यांसाठी ५० मिनिटे.
११.०० — पाण्यात. मधल्या विश्रांतीसह दीड तास.
१०.३० — जलाशयावर आगमन. सामान ठेवणे, अंघोळ, कपडे बदलणे ह्यांसाठी अर्धा तास.
९.३० — रेक्याविकहून प्रस्थान. रस्ता सुमारे ५० मिनिटांचा, १० मिनिटे जादा.

म्हणजे मामांनी साडेनऊला निघावे. प्रवेशाची वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावे लागते, ते साडेदहाचे घ्यावे.

ह्या कोष्टकात एक नियम लपलेला आहे. सकाळी अर्धा तास उशीर झाला तर तो कोठून वसूल करायचा? स्नानाच्या दीड तासातून! विमानतळावरच्या तीन तासांना हात लावायचा नाही. कोणता भाग ताणता येतो आणि कोणता येत नाही, हे आधी ठरवून ठेवले म्हणजे ऐनवेळी घाई होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. केफ्लाविकहून अमेरिकेकडे जाणारी पुष्कळ विमाने दुपारनंतर सुटतात, म्हणून हा बेत जमतो. यूरोपकडे जाणारी बरीच विमाने मात्र सकाळी लवकर सुटतात. मामा यूरोपमार्गे भारतात येणार असते, तर स्नान आदल्या दिवशीच उरकावे लागले असते.

जमिनीचे वेळापत्रक

गणित सुटले असे वाटते ना? एक गोष्ट अजून राहिली. जमीन आपले वेळापत्रक पाळत नाही.

रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे ८०० वर्षे उद्रेक झाला नव्हता. १९ मार्च २०२१ रोजी ही शांतता संपली. २०२३ च्या शरद ऋतूत स्वार्ट्सेंगीखाली काही किलोमीटर खोलीवर शिलारस साठू लागला आणि जमीन वर उचलली जाऊ लागली. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ती सेंटिमीटरच्या हिशेबाने दिसत होती. भूकंपाचे धक्के वाढले. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी निळा जलाशय बंद करण्यात आला. दुसऱ्याच रात्री जवळचे ग्रिंडाविक हे सुमारे ३,७०० वस्तीचे मासेमारीचे गाव रिकामे करण्यात आले.

१८ डिसेंबर २०२३ रोजी जमिनीला लांब भेग पडून लाव्हा बाहेर आला. तेव्हापासून जुलै २०२५ पर्यंत ह्याच पट्ट्यात ९ उद्रेक झाले. १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हा ग्रिंडाविकमध्ये शिरला आणि तीन घरे जळाली. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लाव्हाने स्वार्ट्सेंगीहून जाणारा गरम पाण्याचा मोठा नळ तोडला आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक लोकांची घरे काही दिवस गार पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर निळ्या जलाशयाचे वाहनतळच लाव्हाखाली गेले. वीजकेंद्र आणि जलाशय वाचले, ते भोवती दगडमातीचे उंच बांध घातले होते म्हणून.

ज्या उष्णतेने घरे ऊबदार ठेवली, तिनेच घरे जाळली. उष्णता एकच. तिच्याजवळ राहायचे तर तिच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. तेथील हवामान संस्था भूकंप, जमिनीची उंची आणि वायू ह्यांची रात्रंदिवस नोंद ठेवते व धोक्याचे नकाशे प्रसिद्ध करते. उद्रेकाची सूचना कधी कधी जेमतेम अर्धा तास आधी मिळते. भोंगा वाजला की पर्यटकांना ओल्या अंगाने का होईना, लगेच बाहेर पडावे लागते.

मग विमानाचे काय? २०१० साली आइसलँडच्याच एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने यूरोपातील सुमारे एक लाख विमान-उड्डाणे रद्द झाली होती. तेथे शिलारस हिमनदीखाली फुटला. बर्फाच्या पाण्याशी गाठ पडताच त्याचे बारीक चूर्ण झाले आणि ते आकाशात उंच उडाले. रेक्यानेसवरचा पातळ लाव्हा बहुधा जमिनीवरून वाहतो आणि राख फार थोडी होते. म्हणून ह्या उद्रेकांच्या काळातही केफ्लाविकची विमाने सुरू राहिली. थोडक्यात, स्नान रद्द होईल, पण विमान सुटेल! तेव्हा विमान हुकवून चालणार नाही.

म्हणून मामांना दुसरा बेतही तयार ठेवायला सांगा. आदल्या रात्री आणि सकाळी नऊ वाजता, असे दोनदा जलाशय व रस्ता उघडा आहे की नाही हे पाहावे. बंद असेल तर रेक्याविकमधील नगरपालिकेच्या गरम पाण्याच्या तलावात जावे. शेजारच्या कोपावोगुर येथेही २०२१ साली असाच एक जलाशय सुरू झाला आहे. पाणी निळे नसेल, पण पृथ्वीच्याच पोटातली ऊब तेथेही मिळेल आणि आजींनाही ते सोयीचे पडेल.

मामांना उत्तर द्या, “बेत जमेल. साडेनऊला निघा. पण नऊ वाजता एकदा जमिनीची खबर घ्या!”

करून पाहा

१. काचेच्या उंच पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. पेल्याकडे बाजूने पाहा. पाण्यावर निळसर झाक दिसेल. आता समोरून, झोताच्या दिशेने पाहा. रंग कोणता दिसतो?

२. मोठ्यांच्या देखरेखीखाली गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवा. भांडे न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी काय दिसते? स्वार्ट्सेंगीच्या सिलिकाशी त्याचा संबंध जोडा.

विचार करा

१. ९० लाख लिटर पाणी ४० तासांत बदलते. दर सेकंदाला किती लिटर पाणी आत येते?

२. जलाशय बंद आहे. मामा रेक्याविकमध्येच दीड तास स्नान करून तेथून थेट विमानतळावर जाणार आहेत. रस्ता सुमारे ५० मिनिटांचा आहे. उलटे वेळापत्रक मांडा. पाण्यात किती वाजता उतरावे?

३. आइसलँडचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मामांचे विमान सुटेल तेव्हा तुमच्या घरी किती वाजलेले असतील?

४. तुमच्या जिल्ह्यात गरम पाण्याचे झरे आहेत का? असल्यास, शिक्षकांबरोबर तेथे जाऊन दिवसातून तीन वेळा पाण्याचे तापमान मोजा आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याशी त्याची तुलना करा. नोंदवही ठेवायला विसरू नका.